मवाळ गोखल्यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ आणि ‘मवाळ पुढारी’ एवढंच वाचायला मिळतं. अर्ज-विनंत्या करण्यापलीकडे त्यांनी प्रत्यक्षात काय केलं, आणि आज त्यातलं काय उरलं आहे?

आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास मी तीस वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवला. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, कधी कुतूहलानं, बहुतेक वेळा नाकाला मुरड घालून. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक अडचण सांगतो. आपल्याला गोखले आठवतात ते दुसऱ्यांच्या वाक्यांतून. टिळकांनी चितेसमोर काढलेले ‘हिंदुस्थानचा हिरा’ हे उद्गार, गांधीजींनी दिलेली गंगेची उपमा, आणि शाळेतली ती गणिताच्या बक्षिसाची गोष्ट. (ती खरी असो वा नसो, एका माणसाचं सगळं काम तिनं झाकून टाकलं हे मात्र खरं.) याचं कारण साधं आहे. टिळक ‘केसरी’त मराठीत लिहीत होते, आगरकर ‘सुधारका’त मराठीत लिहीत होते. त्याच ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू गोखले सांभाळायचे. त्यांची सगळ्यात मोठी भाषणं कलकत्त्याला, मूठभर लोकांसमोर, इंग्रजीत झाली आणि त्यांतले निम्मे शब्द रुपये-आणे-पैचे. मराठी घराच्या ओसरीवर ती कधी पोचलीच नाहीत.

आयुष्याची रूपरेषा थोडक्यात. जन्म ९ मे १८६६, गुहागरजवळचं कोतळूक. वडील कागल संस्थानात नोकरीला. ते १८७९ साली गेले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडलं आणि पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला धाकट्या भावासाठी जायचे. गोखल्यांना पै-पैचा हिशेब कुठून आला याची फार खोल चिकित्सा करायला नको. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते शिकवायचे. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली. तिथं त्यांनी मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावून आणलं. कर्वे आले नसते तर त्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाला पुणं मिळालं असतं का, हा माझा आवडता फावल्या वेळेचा प्रश्न.

त्यांचं खरं शिक्षण झालं ते न्यायमूर्ती रानड्यांकडे. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले आकडे वेगळे काढायचे, दोन अहवालांत विसंगती कुठं आहे ते शोधायचं आणि मग चार ओळींचा मसुदा करायचा. तो रानड्यांना पटला नाही तर पुन्हा लिहायचा. अशी चौदा वर्षं, १९०१च्या जानेवारीत रानडे जाईपर्यंत. आकड्यांच्या कामात गणेश व्यंकटेश जोशी हेही त्यांचे मोठे आधार होते. हे गृहस्थ सरकारी शाळेत मुख्याध्यापक. स्वतः सभा गाजवायला कधी गेले नाहीत, पण त्या काळच्या पुण्यातल्या बहुतेक मोठ्या निवेदनांचा कच्चा माल त्यांच्या टेबलावरून आलेला असायचा.

आता १८९७. गोखल्यांचं चरित्र लिहिणारे बरेच जण हे वर्ष भरभर उरकतात. मी तिथंच थांबायला सांगतो. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली, सरकारी खर्चाच्या प्रश्नांवर उलटतपासणीत ते ढळले नाहीत. त्याच सुमारास पुण्यात प्लेग, घरोघरच्या झडत्या, गोऱ्या सोल्जरांचा धुडगूस. पुण्याहून मित्रांची पत्रं यायची. त्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या विलायती वर्तमानपत्रात निवेदन दिलं, त्यात सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप होता. तोवर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेलेल्या, वातावरण पेटलेलं. मुंबईला परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापैकी कुणी पुढं यायला तयार नव्हतं, आणि गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची छीथू झाली. भित्रा, इंग्रजधार्जिणा, सगळं ऐकून घेतलं. माझं मत विचाराल तर मूळ चूक माफीत नव्हती, चूक निवेदनात होती. रानड्यांच्या शिष्यानं ऐकीव माहिती छापायला द्यायलाच नको होती. माफी मागितल्यावर ते प्लेगच्या मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून उतरले. आणि पुढच्या अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून बिनआधाराचा आकडा निघाल्याचं मला आढळलेलं नाही. मवाळपणाची जी अतिसावध भाषा आपल्याला आज कंटाळवाणी वाटते, तिच्यात या पोळलेल्या तोंडाचा वाटा आहे असं मला वाटतं.

१९०२ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. वय पस्तीस. तिथले नियम काय होते हे आधी समजून घ्या, नाहीतर ‘नुसती भाषणं’ हा शेरा मारणं फार सोपं जातं. १८९२च्या कायद्यानं हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, प्रश्न विचारता येत होते. मत देता येत नव्हतं. सगळ्या सभासदांनी एकमुखानं नको म्हटलं तरी एक पै कमी होणार नव्हती. त्या वर्षी सरकारनं सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि एकेक सभासद उठून अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होता. गोखल्यांनी उठून सांगितलं की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही.

का, ते पाटीवर मांडून दाखवतो, वर्गात मांडायचो तसंच. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरवर्षी ‘होम चार्जेस’ भरावे लागत: पेन्शनी, व्याज, लष्कराचा खर्च. ते पौंडांत. एका पौंडाचे २४० पेन्स. १८९४–९५च्या सुमारास रुपया घसरून जेमतेम १३ पेन्सवर आला, म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजावे लागत. लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद करून सरकारनं रुपया १६ पेन्सपर्यंत चढवला, तेव्हा तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. वर्षाला दीड कोटी पौंड धरा, ते प्रत्यक्षात जास्तच होते, आणि साडेतीननं गुणा. सव्वापाच कोटी रुपये. ‘शिल्लक’ तिथून आली. रयतेची भरभराट झाली म्हणून आलेली नव्हती. उलट १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ नुकतेच पडून गेले होते.

आणि खरी मेख पुढं आहे. रुपया घसरतोय, तिजोरीला तोटा येतोय, या सबबीवर सरकारनं १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोनाचे अडीच रुपये केला होता. गोखल्यांचा मुद्दा असा की रुपया सावरला, सबब संपली, मग वाढवलेला कर का ठेवलाय? मीठ गरिबालाही लागतं आणि श्रीमंताला काही जास्त लागत नाही. या युक्तिवादात देशभक्तीचा एकही मोठा शब्द नाही. सरकारचेच आकडे आहेत आणि सरकारलाच विचारलेला प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, १९०७ साली एका रुपयावर. प्राप्तिकर लागण्याची मर्यादाही १९०३ साली पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, सरकारच्या हाती पैसा होता म्हणूनही झालं. पण दरवर्षी मार्च महिन्यात हा माणूस उठून काय बोलणार याची अर्थखात्याला धास्ती असायची. मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभासदानं एवढं वजन कमावणं हे काही ‘अर्ज-विनंती’ या सदरात बसत नाही.

सुधारक म्हणून त्यांच्याकडे बघताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. आगरकरांचा कडवेपणा त्यांच्यात नव्हता. पहिली पत्नी सावित्रीबाई त्वचेच्या असाध्य व्याधीनं आजारी, म्हणून घरच्यांच्या आग्रहापुढं मान तुकवून १८८७ साली त्यांनी त्या हयात असताना दुसरं लग्न केलं. रानड्यांनीही वडिलांच्या आग्रहाखातर विधवेऐवजी लहान मुलीशी लग्न केलं होतं. गुरू-शिष्य दोघांच्याही बाबतीत घराच्या उंबरठ्याशी सुधारणा अडखळली. हे झाकण्यात अर्थ नाही.

पण १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्यतेवर केलेलं त्यांचं भाषण वाचून बघा. तिथला सूर कलकत्त्याच्या सभागृहातला नाही. आपण कुत्र्या-मांजराला शिवतो आणि आपल्यासारख्याच माणसाच्या स्पर्शानं विटाळतो, ही गोष्ट त्यांनी राक्षसी ठरवली. दक्षिण आफ्रिकेत गोरे आपल्याला फुटपाथवरून हाकलतात म्हणून आपण ओरडतो, मग आपण घरी काय करतो, ही रानड्यांनी पूर्वी विचारलेली गोष्ट त्यांनी तिथं पुन्हा पुढं ठेवली. श्रोते बहुतेक वरच्या जातींतले, शिकलेले. टाळ्या किती पडल्या असतील याचा अंदाज करा.

आता प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. माझ्या मते गोखल्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते सपशेल हरलं.

१९०९च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. गोखल्यांनी १९१०च्या मार्चमध्येच सक्तीच्या मोफत शिक्षणाचा ठराव मांडला, सरकारच्या आश्वासनावर तो मागं घेतला, आणि १६ मार्च १९११ रोजी थेट विधेयक आणलं. ते वाचताना आज आश्चर्य वाटतं, इतकं ते जपून लिहिलेलं आहे. सक्ती देशभर नाही. नगरपालिकेनं किंवा लोकल बोर्डानं स्वतः मागितली तर, प्रांतिक सरकारनं मंजुरी दिली तर, आणि जिथं ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातायत तिथंच. सहा ते दहा वयाची मुलं. मुली नंतर. ज्या पालकाची कमाई महिना दहा रुपयांहून कमी, त्याला फी माफ. दोन तृतीयांश खर्च सरकारनं उचलावा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेनं, असा त्यांचा हिशेब होता. यापेक्षा मऊ सक्ती कशी करतात मला माहीत नाही.

तेवढीही नको झाली. सरकार म्हणालं पैसा नाही, लोकांची मागणी नाही. काही बडे हिंदी जमीनदार सभासदही विरोधात गेले. रयतेची पोरं शाळेत गेली तर शेतावर कोण येणार, ही काळजी उघड बोलायची नसते, पण ती होतीच. जिना आणि मालवीय बाजूनं बोलले. १९१२च्या मार्चमध्ये दोन दिवस चर्चा होऊन विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. मतदानाआधीच गोखल्यांनी सांगून टाकलं होतं की ते पडणार हे मला ठाऊक आहे, तक्रार नाही, आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करायची आहे.

हे वाक्य हल्ली सुविचारासारखं वापरतात. त्याच्या आजूबाजूचं भाषण वाचलं की कळतं, तो रडका सूर नाही. पुढच्या माणसाला कोरी पाटी मिळू नये म्हणून त्यांनी आक्षेपांची उत्तरं एकेक करून नोंदवून ठेवली आहेत. खर्च किती येईल, कर कुठून बसवायचा, इंग्लंडमध्ये आणि जपानमध्ये हे कसं झालं, बडोद्यात सयाजीरावांनी आधी अमरेली भागात आणि मग १९०६पासून संस्थानभर ते करून कसं दाखवलं. तो ऐवज वाया गेला नाही. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांसाठी तसाच कायदा करून घेतला. २००२च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. गोखल्यांचं विधेयक पडल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर मीच माझ्या विद्यार्थ्यांचा अपराधी ठरेन. या मागणीचा मान गोखल्यांकडे पहिला जात नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निदान बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती, आणि तीही शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गाची कॉलेजं चालतात हे तोंडावर सांगून. गोखल्यांनी त्या मागणीला कलमं, अटी आणि खर्चाचे रकाने दिले. फुल्यांचा संताप त्यांत नाही, तो त्यांचा पिंडही नव्हता. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, एकाशिवाय दुसरा अपुरा वाटतो.

दक्षिण आफ्रिकेचा भाग बहुतेकांना गांधीजींमुळे माहीत असतो, पण गोखल्यांचं काम त्याआधी सुरू झालं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताला गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर पाठवणं बंद करा हा त्यांचा १९१०चा ठराव सरकारनं मान्य केला आणि १९११च्या जुलैपासून ती भरती थांबली. गिरमिटाची पद्धतच मोडा हा १९१२चा ठराव मात्र पडला. ती १९१७ साली थांबली, ते गेल्यावर. १९१२च्या ऑक्टोबरात ते स्वतः केपटाऊनला उतरले. मधुमेह, अशक्त हृदय, आणि गांधीजी त्यांना टॉल्स्टॉय फार्म या आपल्या आश्रमासारख्या वसाहतीवर स्टेशनापासून दीड मैल चालवत घेऊन गेले. नेमका पाऊस आला, गोखल्यांना सर्दी भरली. सगळे जमिनीवर निजतात म्हटल्यावर तेही हट्टानं जमिनीवरच निजले.

त्याच दौऱ्यातला एक प्रसंग गांधीजींनी लिहून ठेवलाय. एका सभेला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू बरेच होते, तेव्हा गांधीजींनी सुचवलं, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदीत सांगतो. गोखले खो खो हसले. तुमचं हिंदी किती पाण्यात आहे ते मी पाहिलंय, म्हणाले, आता ही मराठी कुठं शिकून आलात? पण मानलं. तिथून परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत, जिथं आपली माणसं भेटली तिथं ते मराठीत बोलले. पुण्यात ज्यांचं मराठी फारसं कुणी ऐकलं नाही, त्यांची मराठी भाषणं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झाली. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना खांद्यावर घ्यायचं उपरणं रानड्यांनी दिलेलं होतं, त्याला इस्त्री करायची होती आणि धोब्याकडे धाडायला वेळ नव्हता. इस्त्री गांधीजींनी केली. गोखल्यांना आधी भरवसा नव्हता.

दक्षिण आफ्रिका सरकारातल्या बोथा आणि स्मट्स यांनी गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा डोईपट्टीसारखा कर काढून टाकण्याचं त्यांना आश्वासन दिलं. गांधीजींचा त्यावर विश्वास बसला नाही आणि तेच बरोबर ठरले. कर गेला १९१४ साली, सत्याग्रहानंतर. गोखल्यांच्या पद्धतीची मर्यादा दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. समोरच्यानं शब्द दिला म्हणजे तो पाळणार, हे त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं.

उरलं काय, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला. बरोबर नटेश आप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन, एवढेच तिघं. कल्पना अशी की देशाचं काम हे वकिली संपल्यावर संध्याकाळी करायचं काम नाही. त्यासाठी पूर्ण वेळ माणूस हवा, त्याला पोटापुरतं वेतन हवं, आणि पाच वर्षं त्यानं शिकायला हवं. वाचायचं, फिरायचं, बघायचं, मग बोलायचं. सभासद फार कधीच झाले नाहीत. पण कोण झाले बघा. ना. म. जोशी, ज्यांनी गिरणी कामगारांत काम करून १९२०च्या आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेपर्यंत मजल मारली. ठक्करबाप्पा, ज्यांनी दाहोदला भिल्लांमध्ये आणि नंतर हरिजन सेवक संघात जन्म घालवला. देवधर, ज्यांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचं सेवासदन उभं केलं. श्रीनिवास शास्त्री, हृदयनाथ कुंझरू. पूर्ण वेळ कार्यकर्ता हा शब्द आज आपण सहज वापरतो, डावे, उजवे, मधले सगळेच. त्याची आपल्याकडची एक पहिली घडण फर्ग्युसनच्या शेजारच्या त्या माळावर झाली. स्वतः गांधीजींना मात्र त्या समाजात जागा झाली नाही. सभासदांना त्यांची मतं झेपेनात, तेव्हा गोखल्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी आपला अर्ज मागं घेतला. भारतात आल्यावर एक वर्ष बोलू नका, नुसतं हिंडून बघा, ही गोखल्यांची अट मात्र त्यांनी पाळली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा एकोणपन्नासही पूर्ण नव्हते.

तुम्हाला वाचायचंच असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. आधी १९१२चं विधेयकावरचं भाषण घ्या, मग धारवाडचं. अंदाजपत्रकाचं १९०२चं सगळ्यात शेवटी, आणि ते वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. पहिली दहा पानं कंटाळा येईल. मिठाच्या कराशी आलात की मला सांगा, हिशेब जुळतो का ते.